साडेतीन हातांचा ओटा

त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. शाळेतल्या नोकरीच्या पहिल्या वर्षी खोली शोधत मी त्यांच्या दुकानासमोर उभा राहिलो, तेव्हा त्यांनी सुईतला दोरा तसाच धरून चष्म्यावरून माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "पावणेबावीस. वरची खोली रिकामी हाय. जपून चढा, तिसरी पायरी हलती."

पावणेबावीस म्हणजे काय, हे मला आठवड्यानं समजलं. ते माझ्या डोक्याचं माप होतं, इंचांत. काका, सारी गल्ली त्यांना काकाच म्हणे, टोप्या शिवायचे आणि विकायचे, आणि जुन्या बाजारातला प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी एक माप होता. आमचे हेडमास्तर एकवीस, पोस्टमन साडेएकवीस, समोरचे कापडाचे मोठे व्यापारी तेवीस. कुणाच्या घरी काही झालं की ते जिन्याकडे तोंड करून मला बातमी द्यायचे, "साडेबावीसला मुलगी झाली." आणि कुणी गेलं की एवढंच म्हणायचे, "वीस गेला." मग त्या मापाचा लाकडी ठोकळा फळीवरून काढायचे, धोतराच्या सोग्यानं पुसायचे आणि पुन्हा जागेवर ठेवायचे. त्याच मापाची आणखी दहा डोकी गावात हिंडत असत, तरी पुसायचे.

फीत लावून त्यांनी कुणाचं डोकं मोजलेलं मी पाहिलं नाही. एकदा डोंगरकडा गावचे एक पाटील आले. नुसतं बघून माप कसं कळतं, म्हणून त्यांनी हट्टानं फीत लावायला लावली. माप बरोबर निघालं. पाटील खूश झाले, पण टोपी त्यांना मिळाली नाही. ती घडी घालून फळीवर परत गेली. "ज्याला भरोसा न्हाई, त्याला माझी टोपी बसत न्हाई," असं म्हणून ते पुन्हा शिवायला लागले.  पाटलांना राग यायला हवा होता, पण ते ओशाळून निघून गेले.

ते मूळचे नरसीचे, जातीनं शिंपी. लग्न झालं होतं, बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. एक पुतण्या परभणीला असायचा. टोप्यांचं दुकान चालवणाऱ्या या माणसाचं स्वतःचं डोकं मात्र उन्हापावसात उघडं असे. गल्लीत त्यावरून थट्टा चालायची. कारण मला त्यांनी एकदाच सांगितलं, तेही बटण लावता लावता. निजामाच्या शेवटच्या वर्षात टोपीवरून माणूस कुठल्या बाजूचा हे ठरवलं जायचं. त्यांनी एका तरुण पोराला पांढरी टोपी विकली. वेशीबाहेर निजामाच्या माणसांनी त्याला गाठून मारलं. दोन दिवसांनी त्याची आई ती टोपी परत घेऊन आली आणि दुकानात ठेवून गेली. "टोपी मी विकली, मार त्यानं खाल्ला," ते म्हणाले. "तवापासून मी घालत न्हाई." ती टोपी खालच्या खणात होती. मी ती कधी पाहिली नाही, पण तो खण ते कधी उघडत नसत हे पाहिलं.

जुना बाजार म्हणजे समोरासमोर दोन रांगा, सागवानी खांब, रात्री लावायच्या लाकडी फळ्या आणि प्रत्येक दुकानापुढे घडीव दगडाचा एक ओटा. कधी काळी इथं तेलंगणापासून बैल यायचे म्हणत. मी गेलो तेव्हा एसटीच्या स्टँडकडच्या रस्त्यावर नवी दुकानं झाली होती आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं होतं. त्यातच दुष्काळाची वर्षं आली. लोक खडी फोडायला गेले, आणि बाजारात दुपारी दुकानदार एकमेकांच्या दुकानात जाऊन झोपू लागले.

या बाजाराची एक रीत होती. दुकान दुकानदाराचं, पण उंबऱ्याबाहेरचा ओटा बसणाऱ्याचा. बसणारे म्हणजे मंगळवारच्या बाजाराला खेड्यांतून, तांड्यांवरून माल घेऊन येणारे. त्यांनी भाडं द्यायचं नाही. फक्त गाठोडं सोडलं की पहिली ओंजळ दुकानाच्या उंबऱ्यावर ठेवायची, आणि दुकानदारानं त्यांना तांब्याभर पाणी द्यायचं. सासूनंतर सून त्याच ओट्यावर बसे. याचा कुठं कागद नव्हता.

आमच्या ओट्यावर तांड्यावरची एक म्हातारी बसायची. सिद्धेश्वरच्या पलीकडून चालत यायची. डिंक, चारोळी, बिब्बे, गोडंबी असा तिचा माल. तिला सगळे याडी म्हणत. याडी म्हणजे बंजारा बोलीत आई. ती ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसे, आणि तिच्या आधी तिची सासूही तिथंच बसायची म्हणे. अख्ख्या गल्लीत माप नसलेली ती एकटीच. बाईमाणसाचं डोकं आपण मोजत नाही, असं काका म्हणायचे. ती उलट त्यांना सुनवायची, "साऱ्या गावाचं डोकं झाकून राहिला अन् सोताचं उन्हात. कोण म्हणल तुला टोपीवाला?" ते हसायचे नाहीत, पण त्या दिवशी त्यांची सुई जरा जलद चाले. दिवसभरात दोघांचं बोलणं एवढंच.

दुष्काळ सरल्यावर बाजार सुधारायची समिती निघाली. समोरचे कापडवाले तेवीस अध्यक्ष झाले. दुकान सगळ्यांत जुनं म्हणून काकांना सभासद केलं, आणि माझं अक्षर चांगलं म्हणून मला बैठकीचं टिपण लिहायला बोलावलं. व्यापाऱ्यांना मी आज दोष देत नाही. त्यांची दुकानं खरोखरच बसत चालली होती. डांबरी रस्ता, दिवे, झाकलेली गटारं, पाण्याचा नळ, ट्रक आत येईल एवढी वाट, हे सगळं त्यांना हवं होतं आणि ते वाजवी होतं. नगरपालिकेच्या कचेरीनं योजना मान्य केली, पण एक अट घातली. उंबऱ्याबाहेर जे बांधकाम आहे त्याचा मालक कोण, ते प्रत्येकानं फॉर्मवर लिहून द्यावं. मालक असेल तिथं ओटा राहील. मालक नसेल तिथला ओटा रस्त्यात धरून काढला जाईल.

बैठकीत तेवीस म्हणाले, यात विचार कसला करायचा, सगळ्यांनी ओटा आपला म्हणून लिहायचं. सगळ्यांनी माना हलवल्या. काकांनी एकच विचारलं, "अन् बसणारे?"

"काका, बसणारे काय, कुठंबी बसतात," तेवीस म्हणाले.

बैठक संपवून जिना उतरताना काका मला म्हणाले, "डोकं तेवीसचं, पण आत कापूस फार भरलेला."

त्या संध्याकाळी त्यांचा फॉर्म मी लिहायला घेतला. नाव, दुकानाची लांबी, रुंदी. मालकाच्या रकान्याशी आलो तेव्हा त्यांनी सांगितलं, "लिहा, ओटा माझा न्हाई."

मी पेन थांबवलं. असं लिहिलं तर ओटा तोडतील, हे त्यांना समजावलं. तुमचा म्हणून लिहा आणि तिला खुशाल बसू द्या, तुम्हाला कोण अडवणार, असंही म्हणालो.

त्यांनी सुई गादीत खोचली. "मास्तर," ते म्हणाले. मला मास्तर म्हणायची ती पहिलीच वेळ. "चाळीस वर्सं मापात लबाडी केली न्हाई. उंबऱ्याच्या भाईर माझं काय हाय? माझ्या बापानं बी तिथं कधी पाय पसरला न्हाई. आज माझा म्हणून लिहिलं तं मी हाय तवर ती बसंल. मी गेल्यावर पुतण्या तिला ऊठ म्हणंल, अन् त्याच्या हातात कागद असंल माझ्याच सहीचा. तसं न्हाई. ओटा जिचा, तिच्या नावानं लिहा."

मग लक्षात आलं की तिचं नाव आम्हा दोघांनाही माहीत नाही. मंगळवारपर्यंत फॉर्म तसाच राहिला. मंगळवारी त्यांनी नाव विचारलं तेव्हा याडी तोंडावर पदर घेऊन हसली. "इतक्या वर्सानं नाव पुसून राहिला. काहून, लगीन करतू का काय?" शेजारची दोन दुकानं हसली. काका लाल झाले, पण नाव मिळेपर्यंत हलले नाहीत. तिनं नाव सांगितलं, मी ते लिहिलं, आणि तिनं माझ्या शाईच्या दौतीत अंगठा बुडवून उठवला. खाली मी दोन वाक्यं माझ्या मनानं घातली, या बाजाराच्या जुन्या रिवाजाबद्दल. ती वाक्यं मला तेव्हा फार आवडली होती.

फॉर्म द्यायला मीच कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाचा मुलगा माझ्या वर्गात शिकत होता, त्यामुळे कारकून मला मानायचा. त्यानं फॉर्म वाचला आणि मला व्हरांड्यात नेलं. हळू आवाजात त्यानं सांगितलं, की या बाईचं घर गावाच्या हद्दीत नाही, तिच्या नावानं काही होणार नाही. हा कागद मालक नाही म्हणूनच धरला जाईल. "गुरुजी, दुसरा फॉर्म घेऊन जा. म्हाताऱ्याच्या नावानं लिहून आणा. सही तुम्ही मागाल तिथं करतील ते. संध्याकाळपर्यंत मी हा साहेबांच्या टेबलावर ठेवत नाही."

कोरा फॉर्म त्यानं माझ्या हातात दिला. मी तो घेऊन घरी आलो. काका खाली शिवत होते. मी जिना चढलो, फॉर्म एका पुस्तकात ठेवला आणि संध्याकाळ होऊ दिली.

का, ते मी पुष्कळदा शोधलं आहे. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि खूप वाचत होतो. आपण एका खऱ्या माणसाच्या बाजूला उभे आहोत, याची मला धुंदी होती. ती दोन वाक्यं, तो अंगठा, ते सगळं फाडून त्या जागी खोटं लिहायचं, हे मला हलकं वाटलं. विचारलं असतं तर त्यांनी नकारच दिला असता, असं मी स्वतःला सांगत आलो. पण पहिल्यांदा नकार दिला तेव्हा तिच्या नावाचा कागद चालेल असं त्यांना वाटत होतं. तो चालणार नाही, हे एकट्या मला ठाऊक होतं. बसत होती ती याडी. राहणार किंवा जाणार होता तो तिचा ओटा. आणि ठरवलं मी, वरच्या खोलीत, दार लावून.

पुढे आणीबाणी लागली. कचेरीतून उत्तरं यायची बंद झाली, फक्त माणसं यायची. एका शनिवारी ओव्हरसियर आणि चार मजूर पहारी घेऊन आले. अख्ख्या रांगेत एकच ओटा निघणार होता, आमचा. काका बाहेर आले. ते अडवणार असं सगळ्यांना वाटलं, लोक जमले. त्यांनी ओव्हरसियरला एवढंच सांगितलं, की तोडायच्या आधी माप घ्या आणि कागदावर लिहा. ओव्हरसियर हसला. काका मग स्वतःच वाकले आणि हातानं मोजून मोठ्यानं म्हणाले, "साडेतीन हात लांब, दोन हात रुंद. मास्तर, लिहून ठेवा." मी लिहून ठेवलं. त्या दिवशी मला लिहिण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं. दगड गटाराच्या कडेला गेले.

बाकीचे ओटे शाबूत राहिले. महिनाभरात त्यांच्यावर काचेची कपाटं आली, कुठं तयार कपडे, कुठं प्लास्टिकच्या बादल्या. त्या ओट्यांवर बसणाऱ्यांना स्टँडकडे जायला सांगितलं गेलं. गल्लीत लोक म्हणत, म्हाताऱ्यानं खरं बोलून ओटा घालवला. त्यांचंही चूक नव्हतं.

तोडल्यानंतरच्या मंगळवारी याडी आली. ओट्याच्या जागी उभी राहून तिनं खाली बघितलं, मग काकांकडे. त्यांनी तिला आत बोलावलं, आपली गादी सरकवून जागा केली. ती बिचकत आत बसली. गावोगावच्या तिच्या ठरलेल्या बाया आल्या, उंबऱ्यापाशी थांबल्या, आत डोकावल्या आणि पुढे गेल्या. तासाभरानं तिनं गाठोडं बांधलं. "दादा, दुकानात बसलं की लोकाला मी शेठाणी वाटती. भाव करायला भ्याय लागल्या बाया," ती म्हणाली. जाताना तिनं चारोळीची ओंजळ उंबऱ्यावर ठेवली. काकांनी ती उचलून तिच्या पदरात परत टाकली. "ओटा न्हाई तं ओंजळ कशाची?" त्या दोघांचं भांडण मी पाहिलं ते एवढंच.  त्यानंतर ती गल्लीत आली नाही. स्टँडकडे, रसाच्या गाड्याच्या मागे, ती उन्हात बसते असं मला कळलं होतं.

मग त्यांनी ते सुरू केलं, ज्यामुळे गाव त्यांना वेडा म्हणू लागलं. दर मंगळवारी सकाळी ते शिवणाचा खडू घेऊन नव्या डांबरावर वाकायचे आणि ओटा काढायचे. साडेतीन हात, दोन हात. काढून झालं की शेजारी उघड्या डोक्यानं उभे राहायचे आणि सायकलवाल्यांना, हातगाड्यांना बाजूनं जायला सांगायचे. सांगायचे नम्रपणे, जसं कुणी तिथं बसलेलंच आहे. दुपारपर्यंत पायांखाली रेघा पुसायच्या. ते पुन्हा काढायचे. तेवीसांनी एकदा प्रेमानं समजावलं, "काका, बाजाराची शोभा जाती. लोक हसून राहिले."

"हसू द्या. मी माप ठेवून राहिलो," ते म्हणाले.

बाजार सुधारला का, असं कुणी मला विचारतं. पहिल्या दिवाळीला दिवे लागले, गर्दी झाली. मग ती पुन्हा स्टँडकडे गेली. मंगळवारी बसणाऱ्यांकडे येणाऱ्या बायाच जाता जाता कापड घ्यायच्या, बादली घ्यायच्या. त्यांना आता गल्लीत यायचं कारण राहिलं नव्हतं. हे समितीत कुणाच्या ध्यानात आलं असलं, तरी कुणी बोललं नाही. टोप्यांचं गिऱ्हाईक तर तसंही संपत आलं होतं. तरुण पोरं केस दाखवत हिंडू लागली होती.

त्या कोऱ्या फॉर्मबद्दल सांगायला मी दोनदा खाली उतरलो. दोन्ही वेळा तिसरी पायरी वाजली, त्यांनी चष्म्यावरून वर पाहिलं, "काय पायजे, पावणेबावीस?" म्हणून विचारलं, आणि मी पाणी मागितलं. त्यांनी उठून तांब्या भरून दिला.

ते गेले तेही मंगळवारी. सकाळी फळ्या निघाल्या नाहीत, म्हणून मी मागच्या दारानं आत गेलो. गादीवर कुशीला झोपले होते, खडू हाताजवळ होता. पुतण्याला तार केली. तो दुपारी पोचला. तोवर शेजाऱ्यांनी सगळी तयारी केली होती. ठेवायचं कुठं, हा प्रश्न आला. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर काचेची कपाटं होती. तेव्हा त्यांना दुकानापुढे रस्त्यावरच ठेवलं, भिंतीला धरून, आणि गाड्या दुसऱ्या बाजूनं जाऊ लागल्या.

तेवीस रडत होते. ते खोटं नव्हतं. उघड्या डोक्यानं पाठवायचं का, असं म्हणून त्यांनी फळीवरची एक नवी टोपी आणली आणि काकांना घातली. ती सैल झाली, घसरून डोळ्यांवर आली. त्यांनी दुसरी आणली, ती बसेना. सगळे माझ्याकडे बघू लागले. त्यांचं माप कुणालाच माहीत नव्हतं. मी पुढे होऊन टोपी काढून घेतली.

तेवढ्यात याडी आली. स्टँडवर कुणीतरी सांगितलं असावं. गर्दीनं वाट दिली. तिनं गाठोडं उतरवलं, सोडलं, चारोळीची ओंजळ भरून बंद फळ्यांखाली उंबऱ्यावर ठेवली. मग गाठोडं जवळ ओढून ती त्यांच्या पायांपाशी, डाव्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून बसली. ती रडली नाही. नुसती बसून होती, बाजाराच्या दिवशी बसायची तशी. पलीकडून जाणारी एक खेड्यातली बाई तिला बघून सवयीनं थांबली, वाकून तिनं डिंक आहे का म्हणून विचारलं, आणि मग तिला बाकीचं दिसलं.

तेवीसांनी याडीकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं. त्या दिवशी तिला कुणी ऊठ म्हटलं नाही.

तिरडी उचलली तेव्हा ती आपणच उठली. गाठोडं बांधलं, डोक्यावर घेतलं आणि स्टँडकडे चालू लागली. बाजार अजून अर्धा बाकी होता.

संध्याकाळी पुतण्या कुलूप लावायला आला. मी त्याच्याकडे थोडा वेळ मागून घेतला. आत जाऊन फळीवरचे ठोकळे एकेक करून काढले आणि पुसले. एकोणीसपासून तेवीसपर्यंत सगळे. त्यांतला त्यांचा कोणता, ते मला ठाऊक नव्हतं.